कोलकाता ते कोटा : हाडांच्या उलट वाटेने सहा दिवस

पहिला दिवस : कोलकाता

प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यातून साठ-पासष्ट वर्षांपूर्वी निघालेली एका डायनासोरची हाडे आज कोलकात्यात उभी आहेत, आणि त्याच खोऱ्यातल्या त्याच थरांतून नंतर निघालेली दुसऱ्या डायनासोरची हाडे हैदराबादेत. आधी हे दोन सांगाडे पाहावेत आणि मग ती हाडे जिथून निघाली त्या नदीपर्यंत जावे, असा बेत मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने डिसेंबरसाठी आखला. ताईने तीस वर्षे रुग्णालयातल्या हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम केले आहे. "मला दगडातले काही कळत नाही, पण हाड कळते, तेव्हा मी येते," असे ती म्हणाली, आणि पुढच्या सहा दिवसांत तिच्या त्या कळण्याचा मला जितका उपयोग झाला, तितका सोबत घेतलेल्या टिपणांचाही झाला नाही.

भारतीय संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून आम्ही मंगळवारी सुरुवात केली. एशियाटिक सोसायटीने १८१४ साली, नॅथॅनियल वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने, हे संग्रहालय स्थापन केले. चौरंगीवरची आजची पांढरी इमारत वॉल्टर ग्रॅनव्हिल यांनी आखलेली असून ती १८७८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. बंगाली माणूस संग्रहालयाला 'जादुघर' म्हणतो. मधोमध मोकळे अंगण, त्याभोवती उंच खांबांच्या ओवऱ्या आणि ओवऱ्यांतून आत उघडणारी दालने, असा हा वाडा आहे. भारहुतचे दगडी कठडे आणि इजिप्तची ममी यांच्यापुढे नेहमी गर्दी असते. आम्ही ती ओलांडून थेट भूशास्त्राच्या दालनांकडे गेलो.

तिथे पहिले राज्य आहे ते शिवालिकच्या प्राण्यांचे. हिमालयाच्या पायथ्याच्या या टेकड्या म्हणजे वर चढत जाणाऱ्या हिमालयातून नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचे थर आहेत, आणि त्या गाळात हत्ती, जिराफ, पाणघोडे, कासवे आणि सुसरी यांच्या कुळांतल्या कितीतरी नाहीशा झालेल्या जाती गाडल्या गेल्या. १८३० च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे काम पाहणारे अभियंता प्रॉबी कॉटली या दोघांनी हे भांडार जगापुढे आणले आणि त्यासाठी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३७ मध्ये दोघांनाही वोलॅस्टन पदक दिले. हा कॉटली म्हणजे पुढे गंगेचा कालवा बांधणारा तोच गृहस्थ. या जोडीने शोधलेल्या प्राण्यांना दिलेली नावे मोठी मजेची आहेत: जिराफाच्या कुळातल्या, फांद्यांसारख्या रुंद शिंगांच्या एका धिप्पाड प्राण्याला त्यांनी 'शिवथेरियम' म्हटले, तर एका हत्तीला थेट गणेशाचे नाव दिले. हा 'स्टेगोडॉन गणेसा' मी बराच वेळ पाहत उभा होतो. त्याचे लांबच लांब सुळे मुळाशी एकमेकांच्या इतके जवळ आहेत की सोंड त्यांच्यामधून खाली येणे शक्य नव्हते, ती बाजूने सोडावी लागत असणार. ताईचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. "एवढे ओझे पुढे, तर याची मान दुखत नसेल?" तिने कवटीच्या मागच्या बाजूचा, स्नायू जिथे धरतात तो रुंद भाग दाखवला आणि स्वतःच उत्तर दिले की, मान तेवढीच जाड असली पाहिजे. पाटीवर ही माहिती नव्हती. आपल्याकडच्या संग्रहालयांत पाटीवर साधारणपणे प्राण्याचे नाव, काळ आणि सापडल्याचे ठिकाण एवढेच असते. हाडे वाचायची कशी हे सांगणारा कोणी बरोबर असल्याशिवाय प्रेक्षकाला फक्त आकाराचे आश्चर्य घेऊन परतावे लागते.

संग्रहालयाला लागूनच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची वास्तू आहे. ती आम्हाला बाहेरूनच पाहायची होती, कारण भारतात सापडलेल्या पहिल्या डायनासोरची गोष्ट तिथे येऊन थांबते. १८२८ साली जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर विल्यम स्लीमन यांना, म्हणजे पुढे ठगांच्या बंदोबस्तासाठी नावाजलेल्या अधिकाऱ्यालाच, काही मोठे दगडी मणके सापडले. 'डायनासोर' हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये रूढ केला, त्यामुळे स्लीमनच्या हातात काय आले आहे हे तेव्हा कोणालाच सांगता येणे शक्य नव्हते. ते मणके कोलकात्याला आले, रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले, आणि पुढे ते कुठे आहेत याचाच पत्ता लागेना. कितीतरी वर्षे अभ्यासक त्यांचा उल्लेख 'हरवलेले' असाच करत होते. अखेर २०१२ साली याच सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात त्यांपैकी एक मणका पुन्हा ओळखू आला. ज्यांनी तो ओळखला त्यांत धनंजय मोहबे हे नागपूरचे जीवाश्मतज्ज्ञ होते. जमिनीत कोट्यवधी वर्षे टिकलेले हाड कपाटात दिसेनासे होऊ शकते, हे ऐकून ताईला फारसे नवल वाटले नाही. रुग्णालयातल्या एक्स-रेंच्या नोंदी सांभाळण्यात तिची उमेदीची वर्षे गेली आहेत.

दुसरा दिवस : बराहनगर

उत्तर कोलकात्यातल्या बराहनगरला, बी. टी. रोडवर, भारतीय सांख्यिकी संस्थेचे आवार आहे. इथले भूशास्त्र संग्रहालय पाहण्यासाठी आम्ही आधीच पत्र पाठवून परवानगी घेतली होती. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कशासाठी, हा प्रश्न इथे येणाऱ्या प्रत्येकाला पडत असावा. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या दृष्टीने मोजमाप ही कोणत्याही एका शास्त्राची मिरासदारी नव्हती. त्यांच्या नावाने आज जगभर शिकवले जाणारे संख्याशास्त्रीय 'अंतर' मुळात माणसांच्या शरीराच्या मापांची तुलना करता करताच त्यांना सुचले होते. त्यांच्याच निमंत्रणावरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन १९५७ मध्ये इथे आल्या आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण भारतीय भूशास्त्रज्ञांचा एक गट प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरला.

दालनात शिरताच समोर तो उभा असतो. बारापासॉरस टागोराय. मी त्याची छायाचित्रे अनेकदा पाहिली होती, तरीही दारातच थबकलो, कारण छायाचित्रात या प्राण्याची लांबी दिसते, त्याची उंची आणि त्याच्या पायांचा जाडपणा दिसत नाही. सुमारे चौदा मीटरचा हा सांगाडा खोलीत मावतो, पण जेमतेम. आपण त्याच्या पोटाखालून गेल्यासारखे चालत राहतो. 'बारा पा' म्हणजे बंगालीत 'मोठा पाय'. उत्खननात सापडलेले मांडीचे एक हाड १७० सेंटिमीटर लांब भरले, त्यावरून प्राण्याचे नाव पडले. त्यापुढचे 'टागोराय' आले ते १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष होते म्हणून. ज्युरासिक काळाच्या पूर्वार्धातला, म्हणजे साधारण अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा हा शाकाहारी प्राणी सॉरोपॉड या लांब मानेच्या महाकाय कुळातल्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी आहे. पुढे याच कुळात तीस-तीस मीटरचे प्राणी झाले, तेव्हा याला त्या घराण्याच्या पूर्वजांच्या पंक्तीतला म्हणायला हरकत नाही.

ताई मांडीच्या हाडाशेजारी जाऊन उभी राहिली आणि हसली, कारण ते हाड तिच्याहून उंच होते. माणसाचे हे हाड साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरचे असते. तिने खालपासून वरपर्यंत ते डोळ्यांनी तपासले आणि म्हणाली, "सरळ आहे बघ. आपले थोडे बाकदार असते. याला पळायचे नव्हतेच, उभे राहायचे होते." मग ती कमरेपाशी गेली. या प्राण्याच्या कमरेत चार मणके एकजीव झालेले आहेत. आपल्या कमरेत असे पाच मणके मिळून त्रिकास्थी होते. बारापासॉरसचे नाव अधिकृतपणे ज्या नमुन्याशी बांधलेले आहे तो नमुना म्हणजे हीच त्रिकास्थी. प्रजातीचे वर्णन करताना एक विशिष्ट हाड 'मूळ नमुना' म्हणून ठरवावे लागते आणि पुढे कोणालाही शंका आली तर त्याला त्या हाडाकडेच परत यावे लागते. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधरी आणि शंकर चॅटर्जी यांनी १९७५ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९७७ मध्ये गोंडवाना या प्राचीन महाखंडावरच्या परिषदेच्या निमित्ताने हा सांगाडा उभा राहिला. भारतात पूर्ण उभा केलेला हा पहिला डायनासोर.

पूर्ण, हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पोचमपल्ली नावाच्या खेड्याजवळ (साड्यांचे पोचमपल्ली वेगळे, ते हैदराबादेजवळ आहे) १९५८ मध्ये पहिली हाडे दिसली आणि १९६० व १९६१ या दोन हंगामांत बहुतेक हाडे काढली गेली. सुमारे २७६ चौरस मीटर जागेत जवळजवळ तीनशे हाडे पसरलेली होती, एकमेकांपासून सुटलेली, आणि पायांची हाडे मोजल्यावर ती किमान सहा प्राण्यांची असल्याचे ध्यानात आले. म्हणजे आपल्यापुढे उभा आहे तो एक प्राणी, पण त्याची हाडे अनेकांची. एकाची मांडी, दुसऱ्याचा खांदा, तिसऱ्याच्या शेपटीचे मणके, आणि जे मिळालेच नाही ते तयार करून बसवलेले. यात फसवणूक काही नाही. जगातल्या बहुतेक संग्रहालयांतले मोठे सांगाडे असेच जुळवलेले असतात. तरी पाहणाऱ्याने खरे कोणते आणि भरलेले कोणते हे शोधत पाहिले, तर सांगाडा अधिक बोलका होतो.

ताईने वर पाहिले आणि विचारले, "डोके कोणाचे?"

कोणाचेच नाही, हे त्याचे उत्तर आहे. तीनशे हाडांत कवटी एकही नव्हती. सापडले ते मोजके दात, चमच्यासारख्या आकाराचे आणि कडांना जाड दाते असलेले, पाला ओरबाडण्याजोगे. त्या दातांवरून आणि नात्यातल्या इतर प्राण्यांच्या कवट्यांवरून अंदाज बांधून ते डोके घडवले आहे. कवट्या गेल्या कुठे, याचा विचार अभ्यासकांनी केलेला आहे आणि मला या साऱ्या संशोधनातला हाच भाग सर्वांत आवडतो. हाडांच्या बरोबरीने त्याच थरात मोठमोठ्या झाडांचे दगड झालेले ओंडके सापडले. त्यावरून असे चित्र मांडले जाते की, हा एक कळप असावा, तो मोठ्या पुरात सापडला असावा, आणि प्रेते ओंडक्यांबरोबर वाहत येऊन एका जागी अडकली असावीत. सॉरोपॉडचे डोके शरीराच्या मानाने लहान, हाडे पातळ आणि मानेशी जोड नाजूक. प्रेत कुजू लागले की सर्वांत आधी ते सुटते आणि पाण्याबरोबर पुढे जाते. जड मांड्या आणि कमरा मागे राहतात. ताईने हे ऐकून मान हलवली आणि पुढचे काही बोलली नाही, पण शेवटच्या दिवसापर्यंत ते डोके तिच्या मनातून गेले नव्हते.

दालनात बारापासॉरसच्या सावलीत इतर प्राणी आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये असे मला वाटते. ते त्याच्याहून जुने, ट्रायासिक काळातले. हायपेरोडापेडॉन हा पोपटासारख्या चोचीचा आणि टाळूवर दातांच्या रांगाच रांगा असलेला, डुकराएवढ्या आकाराचा सरपटणारा प्राणी आहे. पॅरासुकस हा मगरीसारखा दिसणारा, पण मगरीच्या वंशातला नसलेला जलचर, आणि त्याच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असण्याऐवजी डोळ्यांजवळ आहेत. पॅरासुकसचे दोन सांगाडे शेजारी शेजारी सापडले आणि दोघांच्याही पोटाच्या जागी एका लहान प्राण्याची हाडे मिळाली. त्या लहान प्राण्याला पुढे 'मलेरीसॉरस रॉबिन्सनी' असे पामेला रॉबिन्सन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कोणाचे नाव कशावर चढेल ते सांगता येत नाही, पण गिळलेल्या घासावर चढलेले हे नाव बहुधा एकमेव असावे. पॅरासुकस हिस्लोपाय हे नाव नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ आहे. मिशनरी म्हणून नागपुरात आलेल्या आणि तिथल्या कॉलेजच्या नावात उरलेल्या या माणसाने विदर्भातले आणि त्याच्या दक्षिणेकडचे जीवाश्म गोळा करण्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आपली वर्षे घातली. १८६३ मध्ये एका पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

चंद्रपूर जिल्ह्याचेही इथल्या संग्रहाशी नाते आहे. डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात निघालेला, ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळातला एक सॉरोपॉड १९९७ मध्ये टायटॅनोसॉरसची नवी जात म्हणून नोंदला गेला, आणि २००३ मध्ये त्याला स्वतंत्र घराणे देताना 'आयसीसॉरस' हे नाव मिळाले. हे नाव इंग्रजीत लिहिले की त्यातली पहिली तीन अक्षरे, ISI, म्हणजे या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याहून गोळा केलेल्या, दगड झालेल्या विष्ठेच्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि गवत डायनासोरांच्या काळात नव्हते ही तोवरची समजूत त्यामुळे बदलली.

निघण्यापूर्वी आम्हाला दालन दाखवणाऱ्या तरुण संशोधकाने हाडे खडकातून काढून इतक्या लांब कशी आणतात ते सांगितले. हाडाभोवतीची माती खोदून त्याला खांबासारखे उघडे करायचे, वरून ओला कागद लपेटायचा, मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, मोठे हाड असेल तर लाकडी फळीचा आधार द्यायचा, वाळल्यावर खालून तोडून उलटायचे आणि दुसरी बाजूही तशीच झाकायची. ताई मध्येच म्हणाली, "कागद कशाला ते मला माहीत आहे. नाहीतर प्लास्टर काढताना हाड बरोबर येईल. आम्ही कापूस गुंडाळतो." त्या मुलाने आदराने तिच्याकडे पाहिले आणि पुढचा अर्धा तास दोघे प्लास्टर किती घट्ट कालवावे यावर बोलत राहिले. मी तोवर बारापासॉरसच्या मानेचे मणके पाहिले. त्यांच्या कुशीला उथळ खळगे आहेत. पुढच्या काळातल्या सॉरोपॉडांत हेच खळगे खोल होत जाऊन मणके आतून पोकळ, हवेने भरलेले झाले आणि लांब मान उचलणे त्यांना परवडले. इथे ती युक्ती नुकती सुरू झालेली दिसते.

तिसरा दिवस : गाडीत

हावड्याहून फलकनुमा एक्सप्रेस. दिवसभर ओडिशा आणि आंध्राचा किनारी मुलूख. ताईने खिडकीशी बसून वहीत त्रिकास्थीचे चित्र काढले आणि मी बहुतेक वेळ झोपलो.

चौथा दिवस : हैदराबाद

नौबत पहाड या टेकडीवर बिर्ला विज्ञान केंद्राच्या आवारात तारांगणाशेजारी विज्ञान संग्रहालय आहे आणि त्यातल्या डायनासोरांच्या दालनात कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस उभा आहे. शाळांच्या सहलींमुळे तिथे कोलकात्याची शांतता नव्हती. मुलांचा गोंगाट आम्हाला सोबतीसारखा वाटला, कारण निदान इथे हाडे पाहायला कोणी तरी येत होते.

कोटासॉरसची हाडे तेलंगणातल्या यामनपल्लीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सापडली. पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये त्याला नाव दिले आणि २००१ मध्ये त्याच्या अस्थींचे सविस्तर वर्णन केले. इथे हाडांचा साठा कोलकात्याहूनही मोठा होता: सुमारे ८४० हाडे, किमान बारा प्राण्यांची. कोटासॉरस नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे बारापासॉरसहून बराच लहान. दोघेही 'कोटा' नावाच्या एकाच खडकथरांतले असल्यामुळे हे दोन वेगळे प्राणी की एकाच प्राण्याची वेगवेगळी वये, अशी शंका काही अभ्यासकांना आली होती. २०१० मध्ये बारापासॉरसच्या हाडांचेही तपशीलवार वर्णन प्रसिद्ध झाल्यावर तुलना सोपी झाली. आज त्यांना वेगळेच मानले जाते, आणि कोटासॉरसची ठेवण अधिक जुन्या वळणाची समजली जाते.

ताईने आदल्या दिवशीचे चित्र काढून समोरच्या कमरेशी ताडून पाहिले. तिचे म्हणणे असे की, नितंबाचे हाड इथे ठेंगणे आहे आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग तिला बारापासॉरससारखा वाटत नाही. मी टिपणे चाळली तेव्हा कमरेचे ठेंगणे हाड आणि मांडीच्या हाडावरची जुन्या वळणाची खूण या दोन्ही गोष्टी अभ्यासकांनीही नोंदलेल्या आढळल्या. मी तसे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मला उगाच विचारतोस कशाला?" पण ती मनातून खूश झाली होती, हे मला कळले.

आणि डोके? इथेही तेच. आठशे चाळीस हाडांत दोन दात मिळाले, कवटी मिळाली नाही. या सांगाड्याचे डोकेही अंदाजाने घडवलेले आहे. दोन्ही ठिकाणचे प्राणी मिळून किमान अठरा, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा कोणी पाहिलेला नाही. शाळेच्या मुलांपैकी बहुतेकांनी छायाचित्रे काढली ती नेमकी डोक्याचीच.

पाचवा दिवस : सिरोंच्याकडे

पहाटे गाडीने निघालो. करीमनगर मागे पडल्यावर शेते विरळ होतात, मग साग आणि तेंदूचे जंगल लागते आणि वाटेत ठिकठिकाणी कोळशाच्या खाणींकडे वळणारे रस्ते दिसतात. हा कोळसा आणि आम्ही पाहायला निघालो होतो ते जीवाश्म एकाच कथेतले आहेत. गोंडवाना खंड अखंड होता तेव्हा इथली जमीन दोन बाजूंच्या भेगांमध्ये खचत गेली आणि त्या लांबट खोलगट पट्ट्यात नद्या कोट्यवधी वर्षे गाळ टाकत राहिल्या. तळाशी पर्मियन काळातला कोळसा, जो चंद्रपूरला आणि सिंगरेणीला निघतो. त्याच्या वर ट्रायासिकचे लाल मातकट थर, ज्यांत पॅरासुकस आणि हायपेरोडापेडॉन सापडले. त्याच्याही वर ज्युरासिकचे कोटा थर. आजची प्राणहिता आणि गोदावरी त्याच जुन्या खोलगट पट्ट्याने वाहतात, म्हणून त्यांच्या काठांवर हे थर उघडे पडलेले दिसतात.

दुपारी काळेश्वरला गोदावरी आणि प्राणहितेचा संगम पाहिला. तिथल्या मंदिरात एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. पूल ओलांडला की महाराष्ट्र, आणि सिरोंचा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन झालेली प्राणहिता सिरोंच्याला अगदी खेटून वाहते. इथे तेलुगू आणि मराठी इतक्या सहजपणे एकमेकींत मिसळलेल्या आहेत की, मुक्कामाच्या ठिकाणच्या बाईंनी प्रश्न एका भाषेत सुरू करून दुसरीत संपवला आणि त्यांच्या ते लक्षातही आले नाही.

सहावा दिवस : वडधम आणि कोटा

सकाळी वडधमचे जीवाश्म उद्यान. वनविभागाने जपलेल्या या जागेत झाडांचे दगड झालेले बुंधे जमिनीवर जसेच्या तसे पडलेले आहेत. काहींवर सालीची खडबडीत ठेवण अजून कळते, तर तुटलेल्या टोकांशी लाकडाच्या आतल्या रेषा दिसतात. लाकूड गाळात लवकर गाडले गेले आणि त्यात झिरपणाऱ्या पाण्यातले सिलिका त्याच्या पेशींच्या जागी साचत गेले, की असा दगड होतो. हात ठेवला तर सकाळच्या थंडीत तो लोखंडासारखा गार लागतो. मला कोलकात्याच्या सांगाड्यापाशी ऐकलेले ओंडके आठवत होते. ते हेच नव्हेत, पण अशाच एखाद्या अरण्यातले असणार.

तिथून कोटा. राजस्थानातले कोटा सर्वांना माहीत असते. भूशास्त्राच्या जगात मात्र कोटा म्हणजे प्राणहितेच्या काठचे हे लहानसे गाव, कारण ज्या थरांना जगभरचे अभ्यासक 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात त्यांचे नाव याच गावावरून आले आहे. इथल्या चुनखडीतून चकचकीत, शंकरपाळ्याच्या आकाराच्या खवल्यांचे मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच निघाले होते. फिलिप एगर्टन यांनी १८५१ मध्ये त्यांतल्या एकाला 'लेपिडोटस डेकॅनेन्सिस' म्हटले, म्हणजे दख्खनचा. डायनासोरांच्या शंभर वर्षे आधी हे गाव माशांसाठी नोंदले गेले होते. याच थरांत पुढे टेरोसॉर या उडणाऱ्या, सरपटणाऱ्या वर्गातल्या प्राण्याचे हाड मिळाले आणि चिचुंद्रीएवढ्या आद्य सस्तन प्राण्यांचे दातही. त्यांपैकी एकाला 'कोटाथेरियम हाल्डेनाय' हे नाव आहे, सांख्यिकी संस्थेत काही वर्षे काम केलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्यावरून.

गावातले एक वयस्कर शेतकरी आमच्याबरोबर नदीपर्यंत आले. आम्ही काय पाहायला आलो आहोत हे त्यांना सांगावे लागले नाही. "हाडं का?" एवढेच त्यांनी विचारले. काठावरच्या एका झाडाच्या बुंध्यावर, माझ्या डोक्याच्या बरीच वर, त्यांनी २०२२ च्या जुलैतल्या पुराची खूण दाखवली. त्या पुराने सिरोंचा तालुक्यातली शेते कशी धुऊन नेली ते सांगताना त्यांनी वाळूकडे बोट केले. "ताई, ते लाकूड तेव्हाचं हाय. जड हाय म्हणून राहिलं. बाकीचं सगळं गेलं."

डिसेंबरात पात्र अर्धे कोरडे होते. वाळूत आडवा, निम्मा गाडलेला तो ओंडका दोन माणसांच्या मिठीत मावला नसता. त्याच्या वरच्या अंगाला वेळूंचे तुकडे, काटेरी फांद्या आणि वाळून ताठ झालेले गवत अडकून राहिले होते, आणि त्या गवतात काही पांढरे दिसत होते. ताई पदर खोचून खाली बसली. म्हशीची हाडे होती, बरीच जुनी, उन्हाने भेगाळलेली. तिने हात न लावता एका काटकीने ती मोकळी केली आणि एकेक मोजत गेली: कमरेचे हाड, त्याला लागून त्रिकास्थी, मांड्यांची दोन्ही हाडे, मधले पाच-सहा मणके, थोड्या फासळ्या. मानेचे काही नव्हते. मग ती उठली आणि पाणी ज्या बाजूला वाहत होते त्या बाजूला वाळूत पाहत चालू लागली. मी ओंडक्यापाशीच थांबलो. शेतकरीकाका माझ्याकडे पाहून काही न बोलता हसले.

ती पंचवीस-तीस पावले गेली असेल. तिथे वाकून तिने बराच वेळ काही निरखले, आणि मला हाक मारली. वाळूत दोन दाढा होत्या. कवटी आसपास कुठेच नव्हती. ताईने खालच्या अंगाला आणखी थोडे अंतर शोधले, मग संगमाच्या दिशेने नदी वळते तिथपर्यंत नजर टाकली, आणि दाढा जिथे होत्या तिथेच ठेवून आम्ही काठ चढलो.